आतल्या माणसाला कशाला घाबरायचं?

मी जिंतूरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संगणक शिकवायचे. म्हणजे जितके तास घेतले तितकाच पगार, आणि दर जूनमध्ये नव्यानं हात जोडायचे. झरीहून एसटीनं यायचे-जायचे. घर माझ्यावरच चालत होतं, तरी हात जोडण्यात मी कधीच हुशार नव्हते.

कचेरीतल्या ज्या संगणकावर विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण भरले जात, त्यावर पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. आम्हा सगळ्यांना त्या मशीनवर एकच साधं लॉगिन. गुण भरा, पण भरलेले बदलायचे ते फक्त प्राचार्यांनी. एकदा काम करता करता माझ्या लक्षात आलं, की या सॉफ्टवेअरचा एक भाग मशीनचे सगळे अधिकार घेऊन पडद्यामागं चालू असतो. मशीन सुरू होताना एका फोल्डरमध्ये नवी फाईल दिसली, की ती कुणी ठेवली हे न विचारता तो ती चालवतो. आणि त्या फोल्डरमध्ये आमच्या साध्या लॉगिननंही फाईल ठेवता येत होती. सगळ्या किल्ल्या कमरेला लावलेल्या राखणदारानं, ओट्यावर कुणीही ठेवलेल्या चिठ्ठीप्रमाणे दारं उघडावीत, तसलाच प्रकार. मी एक निरुपद्रवी फाईल ठेवून बघितली, मशीन बंद करून चालू केलं, आणि साध्या लॉगिनची मी त्या मशीनची मालकीण झाले! गुणांना हात लावला नाही. त्याच दिवशी कंपनीला सगळं सविस्तर कळवलं.

कंपनीनं मला उत्तर दिलं नाही. प्राचार्यांना मात्र फोन केला, की तुमच्या मॅडम आमचं सॉफ्टवेअर हॅक करतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आठवड्याभरात कंपनीचा माणूस आला आणि मला प्राचार्यांच्या खोलीत यायचं बोलावणं आलं.

"मॅडम, यांची माफी मागा, विषय मिटवून टाका," प्राचार्य म्हणाले. "न्हाई तर पुढच्या वर्षीच्या तासिकांचं मी काही सांगू शकत न्हाई."

कंपनीचा माणूस समजावणीच्या सुरात म्हणाला, "अहो, यासाठी आधी मशीनवर लॉगिन असावं लागतं. बाहेरच्याला ते जमणारच नाही. आतल्या माणसाला कशाला घाबरायचं?"

माझं डोकंच फिरलं. आतला माणूस! आमच्या कचेरीत बाहेरचा असतो तरी कोण? पासवर्ड मॉनिटरलाच चिकटवलेला. आपण चहाला उठलो की खुर्चीत कुणीतरी टेकतंच, "एकच प्रिंट काढायलोय मॅडम," म्हणत. दाखला न्यायला आलेला बाप, विमा एजंट, गुण कमी पडतील म्हणून धास्तावलेला पोरगा. खुर्ची नाकारली तर माणूस दुखावतो, म्हणून कुणी नाकारत नाही. मीही नाकारत नसे.

"मंग असं करा," मी त्याला म्हटलं. "मी हात लावत न्हाई. तुमीच बसा साध्या लॉगिननं, आन् मी सांगते तसं करा. गुण बदलायची वाट मोकळी झाली न्हाई, तर सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडते."

तो जागचा हलला नाही. "त्याची काही गरज नाही," म्हणाला. प्राचार्यांनीही त्याला बसा म्हटलं नाही. काय होणार हे दोघांनाही पुरतं ठाऊक होतं. मी माफी न मागता बाहेर पडले. स्टँडवर पोचेपर्यंत राग उतरला नव्हता. भीतीही होती, खोटं कशाला बोलू?

परीक्षा संपता संपता सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. सोबत 'किरकोळ सुधारणा' एवढंच लिहिलेलं. मी साध्या लॉगिननं त्या फोल्डरमध्ये फाईल ठेवायला गेले, तर मशीननं परवानगी नाकारली.

जूनमध्ये प्राचार्यांचा फोन आला. "मॅडम, तुमी म्हणता तसं त्या मशीनवर काहीच होत न्हाई. कंपनीनं दाखवून दिलं. दोन शब्द माफीचे बोला, तासिका तुमच्याच."

"सर, तवा होत होतं आन् आता होत न्हाई, तर मधी दुरुस्त कुणी केलं? माफी त्यांनी मागावी."

"तुमाला लय ताठा हाय, मॅडम."

"हाय," मी म्हटलं. "तासिका ठेवा तुमच्यापाशी."