बॅटरी नवी, डिझेल तेवढंच

"डिझेल जातंय कुठं, तेवढं सांग," साहेब म्हणाले. पारनेर तालुक्यातल्या एका मोबाईल टॉवरखाली आम्ही दोघंच उभे होतो.

वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली की जनरेटरवर, म्हणजे आमच्या भाषेत डीजीवर. कंपनीला डीजीचा धूर कमी करायचा होता. मीटिंगमध्ये त्याला कार्बन म्हणतात. त्यासाठी सोलर आणि नवी लिथियम बॅटरी बसवली. बाकीच्या साईटवर डिझेल निम्म्यावर आलं, माझ्याकडं होतं तेवढंच. मी विकतोय, असाच त्याचा अर्थ निघत होता.

मी गोंदियाकडचा, नववीत शाळा सुटलेला. केबलचे चर खणणाऱ्या टोळीतून उचलून साहेबांनीच मला टेक्निशियन केलं. त्यांच्यासमोर चोर ठरायची भीती नोकरीपेक्षा मोठी होती.

"साहेब, डीजी खरंच चालतो. लाईट गेली की मी लगेच लावतो."

"मग बॅटरी काय शोभेला बसवलीय?"

"जुनी बॅटरी दहा मिनिटांत उतरायची. साईट डाउन झाली, टॉवर बंद पडला की कंट्रोल रूमवाले झाडायचे. म्हणून डीजी मॅन्युअलवर ठेवतो, हातानं लावतो."

"असं सगळेच सांगतात."

जागेच्या मालकीण आक्का कुंपणापलीकडून ऐकत होत्या. "मला इचारा की. लाईट गेली की हा पळत येतो आन् मशीन लावतो. माज्या पापडांना धुराचा वास लागलाय, जावई खाईना. बंद कर म्हनलं तर म्हनतो, आक्का, नोकरी जाईल."

साहेबांनी डीजी ऑटोवर टाकला, म्हणजे बॅटरी उतरल्यावर तो आपोआप लागतो. "बस इथं. हात लावायचा नाही."

दुपारी लाईट गेली. आभाळ भरलेलं, त्यामुळं सोलरचा आधार नाही. मी बॅटरीच्या पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा बघत बसलो. नव्वद. सत्तर. हात मांडीखाली दाबून धरले. पन्नासवर कंट्रोल रूमचा फोन आला, "डीजी का लावला नाही?"

साहेबांनी फोन घेतला. "लावायचा नाही म्हणूनच," म्हणाले आणि ठेवला.

चाळीसवर लाईट आली. साईट मिनिटभरही पडली नव्हती. माझा शर्ट मात्र भिजला होता.

पुढच्या महिन्यात डिझेल निम्म्यावर आलं. नोकरी राहिली. आता नवी बॅटरी बसली की साहेब मलाच तिथं पाठवतात, तिथल्या माणसाला डीजीला हात न लावता तासभर नुसतं बसवायला. बॅटरी जोडायला त्याहून कमी वेळ लागतो.