मागच्या दाराचं कुलूप

मार्केट यार्डात महिपती ढवळे यांनी तीस वर्षं पोती वाहिली. पाठीवर पोतं चढवण्याआधी ते जिथे उतरवायचं, तिथपर्यंत एकदा रिकाम्या हातांनी चालून यायचे. ओझ्याखालच्या माणसाला पायाखालचं दिसत नाही. गुडघे गेले तेव्हा ते एका कबड्डी स्टेडियमवर रखवालदार झाले, पण सवय काही गेली नाही. प्रत्येक सामन्याआधी ते वरच्या रांगेपासून मागच्या दारापर्यंत पायऱ्या उतरत यायचे आणि तिथलं कुलूप पाहून त्यांचं डोकं फिरायचं.

"अहो, उघडं ठेवलं तर फुकटे घुसतील," सचिव करमरकर म्हणायचे.

"घुसणाऱ्यांना मी अडवतो. आत कोंडलेल्यांना कोण सोडवणार, आपण?"

एका सामन्याला महिपतींनी कुणालाही न विचारता कुलूप काढून खिशात घातलं. पुण्यात मोकळी जागा दिसली की स्कूटर उभी राहतेच. दारासमोरच्या चार स्कूटरही त्यांनी शिव्या घालत हलवल्या. नेमकी त्याच दुपारी छताखालची वायर पेटली. धूर पाहून लोक उठले, ढकलाढकली सुरू झाली.

"इकडून या, सावकाश! दार उघडं आहे!" महिपती ओरडले.

गर्दी मागच्या दाराने सुखरूप बाहेर पडली. लेकीला कडेवर घेतलेले करमरकरही त्यातच होते.

पुढच्या रविवारी महिपती नेहमीसारखे लवकर आले. वरच्या रांगेतून करमरकर एकटेच, रिकाम्या हातांनी, एकेक पायरी उतरत मागच्या दाराकडे निघाले होते.