भाव न करणाऱ्या सिस्टर

सिस्टर मंडईत कधी भाव करत नसत. भाजीवाली सांगेल तो आकडा द्यायच्या, पिशवी उचलायच्या आणि निघायच्या. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करतो. पाठीवर पोती वाहत वाहत स्वतःच्या गाळ्यापर्यंत आलो आहे. जो भाव करत नाही त्याच्यापासून मी जपून राहतो. एक तर तो दुसऱ्याच्या पैशावर असतो, नाहीतर त्याला त्याहून मोठं काहीतरी साधायचं असतं. माझी मुलगी ज्या कॅथलिक शाळेत शिकते तिच्या ह्या मुख्याध्यापिकेबद्दल मला पहिल्या दिवसापासून हाच संशय होता.

त्या मूळच्या मंगळूरकडच्या. पण उमेदीची वीस वर्षं म्हसवडजवळच्या एका वसतिगृहात काढलेली, आणि मराठी शिकल्या त्या तिथल्या स्वयंपाकिणीकडून. पालकसभेत इंग्रजीत सुरुवात करून मध्येच त्या "आवं, लेकरू रातीला जेवतं का न्हाई नीट?" असं विचारायच्या आणि टाय लावून आलेले पालक गोंधळून एकमेकांकडे बघायचे. मला वाटायचं, ही बाई मुद्दाम आपल्यातली होऊन बोलते. गोड बोलून वजनात मारणारे मी यार्डात पुष्कळ पाहिले आहेत.

शाळा विनाअनुदानित. पगाराला सरकारचा एक पैसा नाही, सगळं फीमधून निघतं. त्यामुळे चांगला शिक्षक दोन वर्षं टिकला तर डोक्यावरून पाणी. माझ्या मुलीला गणित शिकवणाऱ्या कदमबाई मात्र सहा वर्षं टिकल्या होत्या. गणिताच्या तासाला पोटात दुखतं म्हणून घरी येणारी माझी श्रुती त्यांच्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत आपणहून वही काढून बसायला लागली. मी स्वतः नववीत गणितापायीच शाळा सोडली, त्यामुळे ह्याची किंमत मला बरोबर कळत होती. अशात एका मोठ्या खाजगी क्लासने बाईंना दुप्पट पगार देऊ केला. मे महिन्याच्या अखेरीपर्यंत त्यांना उत्तर द्यायचं होतं.

सिस्टर तेव्हा पहिल्यांदा माझ्या गाळ्यावर आल्या. फी वाढवा की, मी म्हटलं. त्या पोत्यावर बसत म्हणाल्या, "फी वाढवली तर गरिबाची पोर जाती. न्हाई वाढवली तर बाई जात्यात. मग समद्यांनी मिळून थोडं थोडं द्यायचं, ज्याला जमंल तेवढं." चर्चला येणाऱ्या मोजक्या ख्रिस्ती कुटुंबांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर आपापला महिन्याचा वाटा आधीच ठरवला होता. आता त्या बाकीच्या पालकांना विचारत होत्या.

मी तोंडावर विचारलं, हा पैसा बाईंच्या हातात पडणार की चर्चच्या छपरात जाणार? त्या रागावल्या नाहीत. ह्याचाच मला जास्त संशय आला. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मी चर्चवर चक्कर मारून आलो. छपराच्या फुटक्या पत्र्यावर एका जुन्या लग्नाचा फ्लेक्स बांधलेला होता. नवरा-नवरी उलटे. पुढे कदमबाईंनाही आडून विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, सिस्टर स्वतःसाठी एक चपलेचा जोड मागतील तर शपथ.

पुढच्या खेपेला गाळ्यावर आल्या तेव्हा सिस्टरना एकच अडचण वाटत होती. वर्गणीची वही फिरवली की ज्याचा आकडा लहान तो मान खाली घालतो, आणि ज्याचा मोठा तो वर्षभर मान वर करून फिरतो. तेव्हा मीच बोलून गेलो की आमच्याकडे पूर्वी रुमालाखाली सौदे व्हायचे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. ही पद्धत कायद्याने कधीच बंद झाली, पण आम्हा जुन्यांच्या बोटांत ती अजून आहे. सिस्टरनी तिथल्या तिथे माझ्याकडून ती शिकून घेतली.

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात पालकांची रांग लागली. सिस्टर खुर्चीवर, हातावर इस्त्रीचा पांढरा रुमाल. एक बोट म्हणजे दर महिन्याचे शंभर रुपये, एवढं सगळ्यांना सांगून ठेवलेलं. साठी उलटलेली बाई, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. प्रत्येकाला त्या एकच प्रश्न विचारत होत्या, "बाई ऱ्हाव्यात असं तुमास्नी किती वाटतं?"

माझ्या मनात पूर्ण पंजा होता, तोही दोनदा. रुमालाखाली हात गेला आणि मी दोन बोटं दाबली. तीस वर्षांची सवय. पहिला आकडा नेहमी पाडून सांगायचा, समोरचा हात झटकतो, मग खरा सौदा सुरू होतो. मी त्यांच्या झटक्याची वाट बघत राहिलो. त्यांनी हात सोडवून घेतला, "देव बरं करो शेठ," म्हणाल्या आणि मागच्याला पुढे बोलावलं. रांगेत तोंड उघडून "थांबा, अजून आहे" म्हणणं मला जमलं नाही. वाटलं, गरज त्यांना आहे, येतील परत.

त्या आल्या नाहीत. जमलेल्या पैशात आधी सगळ्यात कमी पगाराच्या तीन शिक्षकांचे पगार वाढले. कदमबाईंच्या वेळी थोडं कमी पडलं आणि त्या क्लासकडे गेल्या. जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात श्रुती घरी आली, दप्तर टाकलं आणि पोटात दुखतं म्हणाली.

मी तसाच शाळेत गेलो आणि शिपायासमोर आवाज चढवला. थोडं कमी पडत होतं तर मला परत का विचारलं नाही? दोन बोटांवर कुठला सौदा ठरतो का? एवढी पद्धत शिकवली आणि भाव करायचा असतो हे कळलं नाही? सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शेठ, मी तुमास्नी खरं इच्यारलं. तुमी सांगितलं. ते खोटं हाय, असं मी कशापायी धरायचं?"

मी दार आपटून बाहेर पडलो. तो राग अजून आहे. श्रुती आता कदमबाईंच्याच क्लासला जाते. तिथली फी कागदावर छापलेली आहे, त्यात एक रुपया कमी होत नाही, आणि मी मनात धरलेल्या आकड्याच्या तिप्पट मी दर महिन्याला मुकाट्याने भरतो.

पुढच्या वर्षी सिस्टरची बदली झाली. त्यांच्यात वरून पत्र येतं आणि आठवड्यात निघावं लागतं. सामान एका पत्र्याच्या पेटीत मावलं. ती पेटी मी माझ्या गाडीतून स्टेशनवर पोचवली, आणि गाडी यायच्या आधी न राहवून विचारलं, त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त कुणी कुणी दिले? त्या हसल्या. "लई जणांनी," म्हणाल्या. नाव एकही सांगितलं नाही.

शिक्षकांसाठीचा तो निधी अजून चालू आहे. नव्या मुख्याध्यापिका मे महिन्यात रुमाल घेऊन बसतात आणि मी पहिल्या खेपेलाच खरा आकडा दाबतो. पण माझ्या गाळ्यावर दोन हमाल आहेत आणि दोघांच्याही पोरी त्याच शाळेत आहेत, त्या पहिल्या शनिवारी दोघंही रांगेत होते. ते पोतं उतरवून कपाळ पुसतात तेव्हा मी हिशेब सोडून त्यांच्या बोटांकडे बघत बसतो.