बाबूभाईंचा राजवाडा

वडशात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की बाबूभाईंना मान वर करायला फुरसत नसायची. नाटक कंपन्यांचे पडदे तेच रंगवायचे. पण २००४ साली फ्लेक्स आला आणि त्यांच्या अंगणातली वर्दळ आटली. घुग्घुस गावी राहणारा पुतण्या त्यांना ट्रकवर नंबर रंगवायला बोलावत होता. यंदा काम आलं नाही तर अब्बा ब्रश घेऊन तिकडे जाणार, ही भीती त्यांच्या मुलीला, फरहतला, होती.

पोरगी हिकमती. तिनं वेबसाइटचं मनावर घेतलं. नागपूरचा डिझायनर म्हणाला, साइटवर काय हवं ते आधी ठरवा, मग या. म्हणून ती कागद घेऊन बसली. साइट कोणासाठी? शहरातल्या नाटकवाल्यांसाठी. फ्लेक्सपेक्षा वेगळं काय? हातानं काढलेला पडदा. इथवर गाडी सुरळीत चालली आणि ‘आमचे काम’ या पानाशी अडली.

“अब्बा, जुन्या पडद्यांचे फोटो?”

“फोटो कोण काढते? आन् पडदे तरी कुठी राह्यले?”

खरंच होतं. कापड महाग, म्हणून जुन्या चित्रावर सरसात कालवलेला पांढरा रंग, सफेदा, फासायचा आणि त्यावरच नवं काढायचं, ही इथली रीत. उभ्या हयातीचं काम या माणसानं स्वतःच पुसलं होतं, तेही गाणं गुणगुणत! शेजारी म्हणून सांगतो, मला त्यांचा भयंकर राग आला.

अंगणात एकच पडदा टांगलेला होता, चैतूभाऊंच्या कंपनीचा. त्यावरच्या राजवाड्याचं आज पोलीस ठाणं व्हायचं होतं.

“थांबा नं अब्बा. फोटोवाला ब्रह्मपुरीवरून निघाला.”

“चैतूभाऊले जबान देल्ली मी. रंग वाळाले टाइम लागते, बेटा.”

“मंग वेबसाइटवर काय दाखवू? कोरा कपडा?”

बाबूभाईंनी गुणगुणत सफेद्यात ब्रश बुडवला. त्यांनी डावीकडून सुरुवात केली. खांब गेले. झुंबर गेलं. फरहत रस्त्याकडे पाही, पुन्हा पडद्याकडे पाही. मी फाटकात उभा राहून फोटोवाल्याच्या नावानं बोटं मोडत होतो. मग उजवीकडे जाऊन त्यांनी महिरपी आणि कारंजं पुसलं. गुणगुणणं मात्र कधीच थांबलं होतं.

मध्ये सिंहासन उरलं. बाबूभाईंनी ब्रश उचलला, खाली केला, पुन्हा उचलला. सफेदा त्यांच्या पायावर ठिबकत होता.

तेवढ्यात फटफटी वाजली. फोटोवाला कॅमेरा काढतो न काढतो तोच बाबूभाई ओरडले, “लवकर काढ ना बाप्पा! मले नाई होऊन राह्यलं हे!” आणि ते ढसाढसा रडले.

फरहतनं त्यांच्या हातातून ब्रश घेतला. फोटोवाल्यानं उरलेल्या सिंहासनाचा फोटो काढला.

डोळे पुसून ते म्हणाले, “चैतूभाऊले सांग, ठाणं नव्या कापडावर काढून देतो, माह्या खर्चानं. आन् घुग्घुसले फोन लाव. म्हणा, मी येत नाई.”

फरहतनं कागद पुढे ओढला आणि ‘आमचे काम’च्या खाली लिहिलं, फोटो एक.