किन्हीराजाच्या वेशीवरचा कल्हईवाला

तर काल आपला छकडा किन्हीराजाच्या वेशीपाशीच राहिला होता, नाही का? छकड्यात रजा संपवून निघालेला जगदेव, पायाशी पत्र्याची पेटी, हाकायला रामकिसन. आपल्या वऱ्हाडातल्या मालेगावला जाऊन अकोल्याची मोटर गाठायची होती. साल त्रेचाळीस. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून कोळशाच्या धुरावर चालणारी ती मोटर दिवसातून एकदाच सुटायची. ती चुकली की जगदेव शाळेत उशिरा पोहोचणार, आणि उशीर झाला की अफसरीचं फूल खांद्यावर चढायच्या आधीच गळालं म्हणायचं. रजा देतानाच मेजरसाहेबानं तसं बजावलं होतं.

शाळा म्हणजे लष्कराची, अफसर घडवणारी. बंदूक, नकाशा, दौड, कशातच जगदेव हार जायचा नाही. गडी अडायचा तो एकाच विषयात. दुश्मनाच्या हेरापासून आपलं गुपित कसं राखायचं, ती विद्या. मेजर सांगायचा, हेर काही तिजोरी फोडत नाही. तो गोड बोलतो, तुझा गाव विचारतो, आणि घरोघरचं चिमूट चिमूट पीठ गोळा करून आपली भाकरी थापतो. जगदेवला हे सगळं कळायचं, पण पेपरात इंग्रजीतून काही उतरायचं नाही. मागच्या पेपरात तर गडी सपशेल आडवा झाला होता.

असो. वेशीपाशी निंबाखाली एक कल्हईवाला भाता मांडून बसला होता. छकडा जवळ येताच उठला, रामराम घातला आणि हसून म्हणाला, "कुठं चालले, साहेब?"

झालं. रामकिसननं कासरा ओढला.

आपल्याकडं निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून कोणी विचारत नाही. विचारलंच, तर ते जाणं फळत नाही म्हणतात. मग मागं फिरायचं, पाय धुऊन घरात बसायचं, गूळपाणी घ्यायचं आणि नव्यानं निघायचं.

"चाल ना गा," रामकिसन म्हणाला. "बाहेरगावचा दिसते. त्याले काय ठाऊक आपली रीत? मोटर चुकन तुयी."

जगदेव बैलांच्या पाठीकडं बघत राहिला. एकीकडं ते फूल, दुसरीकडं आईचा चेहरा. लढाईवर जाणारा लेक टोकल्या पावलानं गेला हे तिला कळलं असतं, तर तिनं अन्न सोडलं असतं.

"फिरव," तो म्हणाला.

गोजराबाई अजून दारातच उभी होती. "काहून फिरले रे?"

"वेशीवर एकानं इचारलं, माय."

"कोन मेला तो?" म्हणत तिनं पायावर पाणी घातलं आणि गुळाचा खडा आणला. "बस घटकाभर. लढाई काई पळून नाई जात."

लढाई पळाली नाही, मोटर पळाली.

जगदेव एक दिवस उशिरा मेजरसमोर उभा राहिला. आता परत शिपायांच्या बराकीत जायचं, हे त्यानं मनाशी धरलंच होतं. मेजर नागपुराकडं बरीच वर्षं राहिलेला, मराठी बोलायचा. म्हणाला, "तुझ्या गावात कल्हईवाला भेटला?"

"भेटला, साहेब."

"तो माझा माणूस. रजेवर गेलेल्या प्रत्येकाच्या वाटेवर मी असा एकेक बसवला होता. कोणी पलटणीचं नाव सांगितलं. एकानं तर मिशीला पीळ देत पलटणीचं जहाज कुठल्या बंदरातून सुटणार तेसुद्धा सांगितलं. तू अक्षर बोलला नाहीस, उलट गाडी फिरवलीस. ओळखलंस त्याला?"

इथं नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. ते 'हो' जगदेवच्या जिभेवर आलंही होतं. पण ज्या तोंडानं आईच्या हातचा गूळ खाल्ला, त्याच तोंडानं खोटं कसं बोलावं?

"नाई, साहेब. म्या त्याले कल्हईवालाच समजलो." आणि मग त्यानं पाय धुण्यापासून गुळापर्यंत सगळी रीत सांगितली.

मेजर टेबलावर पेन्सिल वाजवत बसला. शेवटी म्हणाला, "उशिराबद्दल पाठीवर बोजा घेऊन रोज पहाटे दौड. पेपर पुन्हा द्यायचा. फूल राहील. जा."

जगदेवनं सलाम ठोकला, वळला, दारापर्यंत गेला. तेवढ्यात मेजरनं कागदातून मानही वर न करता सहज विचारलं, "कुठे चाललास आता?"

जगदेव दारातून मागं फिरला, सरळ टेबलापाशी आला आणि म्हणाला, "साहेब, आता मले बसाले खुर्ची द्या, अन् गूळ नसन तं नुस्तं पानी सांगा."