टाचा न टेकणारी बाई

माझ्या सासूबाई भूत आहेत, ही बातमी गावात मीच पसरवली.

म्हणजे तसं मी कुठेही म्हटलं नव्हतं. मी नागावच्या शाळेत मराठी शिकवते आणि ‘भूत’ हा शब्द वापरून भुताची गोष्ट लिहिणं हा माझ्या मते शुद्ध आळशीपणा आहे. मुलांच्या निबंधात ‘भयाण शांतता पसरली’ असं दिसलं, की मी लाल पेनाने विचारते, ‘भयाण म्हणजे? नेमकं काय ऐकू येत नव्हतं?’ वातावरण सांगायचं नसतं, दाखवायचं असतं. माणूससुद्धा एखाद्या लकबीतून उभा करायचा असतो. हे मी इतक्या जणांना इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी गावच्या वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, “बाई, दिवाळीनंतरच्या कथावाचनाला एकदा तुम्हीच लिहून दाखवा ना!” मी पदर खोचला.

गोष्टीला एक म्हातारी हवी होती आणि घरात एक होती. (शोधायला लांब कशाला जायचं!) सासूबाईंच्या टाचा थंडीत भेगाळतात, म्हणून त्या चवड्यांवर चालतात आणि चालल्याचा आवाज होत नाही. कमरेला चाव्यांचा जुडगा. अंगाला कायम वेखंडाचा वास, कारण गावातल्या नव्या बाळांना न्हाऊमाखू घालायचं काम त्यांचं. बाळ घरी आलं की कुणीतरी बोलवायला येतं, “काकू, चला!” आणि त्या लुगडं खोचून निघतात. माझ्या नवऱ्यापासून वाचनालयाच्या चिटणीसांपर्यंत निम्मं गाव त्यांच्या पायांवर पालथं पडून रडलेलं आहे.

मी यातलं सगळं गोष्टीत घेतलं. फक्त बाळं गाळली.

वाचनालयात मी आवाज बारीक करून वाचायला लागले. “भर दुपार. वारा पडलेला. वाडीतल्या एकाच माडाची एकच झावळी हलत होती. ओटीवर ओली पावलं उमटली. बोटं होती, चवडे होते. टाचा नव्हत्या. आधी वेखंडाचा वास आला. मग चाव्या वाजल्या. आणि मग कुणीच आलं नाही.”

कुणी खोकलंसुद्धा नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. जिंकले, असं मी मनात म्हणते आहे तोवर मागच्या खुर्चीवरून कुजबुज आली, “अगो बाय, ही तर हिची सासू!”

दुसऱ्या दिवसापासून मजा सुरू झाली. रेवदंड्याहून मासे घेऊन येणारी बाई एरवी आमच्या ओटीवर ऐसपैस बसून चहा पिऊन जायची. ती फाटकाबाहेरूनच ओरडली, “ताट घेऊन तूच भायेर ये!” नारळ पाडायला येणारा माणूस कोयता खांद्यावर घेऊन आला आणि तसाच परत निघाला.

“अहो, माडावर चढायची तुम्हाला कसली भीती?”

“चढायची न्हाय हो वैनी. उतरताना खाली काकू उभी असली तर?”

नवरा माझ्यावर संतापला. “माझ्या आईचं काय करून ठेवलंस तू!” पण चाव्या किणकिणल्या की हाच गृहस्थ घास हातात धरून मागे वळून बघायचा. तिच्या पोटचा मुलगा!

इथपर्यंत मी चोरून खूशच होते. (लेखक माणूस, काय करणार!) मग शेजारच्या मंदावहिनींच्या सुनेचं बाळ घरी आलं. सासूबाईंनी सकाळी उठून तेल कोमट केलं, वेखंड उगाळलं आणि ओटीवर बसून राहिल्या. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कुंपणापलीकडून बाळाचं रडणं तेवढं येत राहिलं.

“येतील गो,” त्या मला म्हणाल्या. “कामात असतील.”

मी तडक मंदावहिनींकडे गेले. “अहो, ती नुसती गोष्ट आहे! आई किती मायाळू आहेत. बाळाला घेतात ना, तेव्हा त्यांची ती लांब, गार बोटं हळूहळू मानेपाशी सरकत...”

मंदावहिनींची सून पाळण्यापुढे आडवी आली.

“म्हणजे आधार द्यायला! आणि बाळाकडे बघून हसतात, तेव्हा तो एकुलता एक दात अंधारात...”

“तुम्ही आता घरी जा,” मंदावहिनी म्हणाल्या.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी घरी आले, तर घर उघडं आणि आत कुणी नाही. हाक मारणार तेवढ्यात ओटीवर पाहिलं. ओली पावलं. बोटं होती, चवडे होते. टाचा नव्हत्या.

पावलं कुणाची हे मला ठाऊक होतं. त्या टाचांना लावायचं मलम मीच अलिबागहून आणते! तरी अंगावर सर्रकन काटा आला. ठसे मागच्या दाराने वाडीत उतरले होते. वारा पार पडलेला. मी वर बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. एकच झावळी हलत होती. ओल मातीवरून विहिरीपर्यंत गेली होती आणि तिथे संपत होती. परतीचं पाऊल नव्हतं. वेखंडाचा वास आला. मग चाव्या वाजल्या. पुढचं वाक्य मला पाठ होतं.

कशीबशी कठड्याला वळसा घातला. पलीकडे सासूबाई ओणव्या होऊन विहिरीत बघत होत्या.

“आई! काय करताय?”

“बघते हाय,” त्या पाण्यातून नजर न काढता म्हणाल्या. “तू लिवलंस तशी दिसते काय मी.”

मला रडूच फुटलं.

“रडू नको. वाचलं मी सगळं. लिवलंस चांगलं. माझं मलाच भ्या वाटलं,” त्या म्हणाल्या. “पन बाळं कुठं गेली गो माझी? येक पन न्हाय त्यात.”

तेवढ्यात शेजारचं बाळ पुन्हा किंचाळलं. सासूबाईंनी डोळे पुसले, लुगडं खोचलं आणि कुणी बोलावण्याची वाट न बघता कुंपणाच्या खिंडारातून निघाल्या. मी मागोमाग.

मंदावहिनींकडे बाळाभोवती चार बायका जमल्या होत्या आणि वीज गेलेली. आत आधी वेखंडाचा वास गेला. मग चाव्या वाजल्या. सगळ्या बायका एकदम दाराकडे वळल्या. सुनेने बाळ छातीशी आवळलं.

सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. “माझ्या सुनेनं सांगितलेली माझी गोष्ट तुमी ऐकलीत. आता मी तिची सांगते. ती गॅससमोर उभी असते आन् दूध उतू जातं. ती गॅस बंद करत न्हाय. दूध कसं उतू जातं ते बघत ऱ्हाते. लिवायला!”

मग मंदावहिनींची सूनच आधी फिसकन हसली आणि मग चारी बायका पोट धरून हसायला लागल्या. (मी सोडून.) सासूबाईंनी पाट ओढला, पाय लांब केले, म्हणाल्या, “दे.” सुनेने बाळ त्यांच्या पायांवर ठेवलं. तेलाचा हात फिरायला लागला तसं ते हुंदके देत गप्प झालं आणि त्यांच्या पायाचा अंगठा धरून झोपलं.

मला एका बाईचं भूत करायला दुपार, वाडी, विहीर, सगळं लागलं होतं. त्यांनी मला चार वाक्यांत उभं केलं आणि एकही झावळी हलवली नाही. भुताची गोष्ट गाव आठवड्यात विसरलं, आणि मी कुणाच्या ओटीवर पाऊल टाकलं की घरची बाई आधी आत जाऊन गॅस बंद करून येते.