कोपऱ्यावरचा मारुती

दर जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस दिल्लीच्या सरोजिनी नगरहून पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जाते. मंडळाचा कारभार बाबांकडे, त्यामुळे माझी सुटका नाही. त्या वर्षी परतताना बायकांना बाथरूम हवं होतं, म्हणून बस एका लहानशा गावात जुन्या दगडी घरापाशी थांबली. बाबांनी कमानीकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, "हे बांधकाम आपलंच!" उत्तरेत जे जे दगडी, ते ते आपलं, असा त्यांचा सरळ हिशेब असतो.

त्यात फाटकाच्या कोपऱ्याला एक शेंदरी दगड. मग काय विचारता! कापूर उरलेलाच होता. अख्खी बस चपला काढून मारुतीची आरती म्हणायला लागली. मी लाजेनं अर्धी झाले आणि बाथरूमचं निमित्त करून आत सटकले.

मागच्या अंगणात नळाजवळ रंगाचा डबा होता. झाकणावर ओघळलेला तोच शेंदरी रंग. मी वळले, तर घराचे मालक मागेच उभे. सत्तरीचे; तिकडे अशा थोरल्यांना ताऊ म्हणतात. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"ट्रॅक्टरवाले कोना तोड़ देते थे, बेटी. दूर से दिखे, इसलिए रंग दिया. पर अपने पिताजी को मत बताना. बाहर देख."

बाहेर त्यांचा धाकटा भाऊ ठेकेदाराला घेऊन आला होता. त्याला घर पाडून लग्नाचा हॉल बांधायचा होता. ताऊ याच घरात जन्मलेले, पण भावापुढे त्यांचं काही चालत नव्हतं. आणि आता ठेकेदारानं बूट काढले होते. "भगवान का थान है जी. मैं तो हाथ नहीं लगाऊँगा," तो म्हणत होता.

ताऊंचा चेहरा बघून मी बाहेर आले आणि खच्चून आरती म्हणू लागले. निम्मे शब्द येत नव्हते, पण आवाज दणदणीत होता. लेकीची भक्ती पाहून बाबांना गहिवरून आलं.

यंदा पुन्हा गेलो. घर जागच्या जागी आहे. दगडाचा रंग मात्र उडालाय. मी ताऊंना बाजूला घेऊन चिडवलं, "डिब्बा ख़त्म हो गया क्या, ताऊजी?"

"भरा पड़ा है." ताऊंनी आधी जोडे काढले, मग दगडाकडे पाहिलं. "पर अब इनको पेंट कैसे लगाऊँ, बेटी?"

मी पर्समधून शेंदराची पुडी काढली. बाबांना न सांगता आणली होती.